न छापलेली बातमी

शाळेच्या रौप्यमहोत्सवी स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांचा एखादा प्रेरणादायी अनुभव लिहून द्यावा, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा अनेक चेहरे डोळ्यांसमोरून सरकून गेले. शाळा सुरू झाली त्याच वर्षी मी येथे रुजू झाले. पंचवीस वर्षांत येथून शिकून गेलेली मुले-मुली आज शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, पोलीस दलात आहेत. त्यांच्यापैकी कोणाविषयीही अभिमानाने लिहिता आले असते. परंतु लेखणी हाती घेतली ती एका विद्यार्थिनीच्या आठवणीने. त्या आठवणीत अभिमान आहे, तसा माझ्या वाट्याचा संकोचही आहे. विद्यार्थिनीचे नाव येथे देत नाही. तशी तिचीच इच्छा आहे.

ती पाचवीत आमच्याकडे आली. आईवडील ऊसतोड कामगार. आपल्या भागातील वाचकांना या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादमाकडून उचल घ्यायची, दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळीबरोबर बाहेर पडायचे, कारखान्याच्या फडात कोप्या उभारायच्या आणि उन्हाळा लागल्यावर गावाकडे परतायचे. नवरा-बायकोच्या जोडीला तेथे 'कोयता' म्हणतात. माणसाला त्याच्या हत्याराच्या नावाने मोजण्याचा हा व्यवहार! अशा घरातील लेकराची शाळा दरवर्षी सहा महिने तुटते. मुलगी असेल, तर धाकट्या भावंडांना सांभाळण्यासाठी तिला फडात न्यावेच लागते आणि पुढे लवकर लग्न लावून दिले जाते. म्हणून आपल्यासारख्या निवासी शाळेत मिळालेला एक पलंग आणि एक पेटी ही अशा मुलींच्या दृष्टीने केवळ सोय नसते. तिचे सारे आयुष्य त्यावर अवलंबून असते.

या मुलीला नोंदी ठेवण्याची सवय होती. साखरशाळेत असताना कोणीतरी तिला एक जुनी डायरी दिली होती. फडातून किती गाड्या ऊस गेला, वडिलांच्या आणि मुकादमाच्या हिशेबात किती फरक पडला, हे ती त्या डायरीत लिहीत असे. आठवीत तिच्याकडे शाळेच्या भित्तिपत्रिकेचे संपादन आले. तोवर आमची भित्तिपत्रिका म्हणजे सुविचार, पावसाच्या कविता आणि जयंती-पुण्यतिथीचे लेख एवढाच प्रकार होता. मार्गदर्शक शिक्षिका मीच, त्यामुळे त्या साचेबंदपणाची जबाबदारीही माझीच. या मुलीने पहिल्याच महिन्यात 'आपल्या शाळेतील घडामोडी' असे सदर सुरू केले आणि मुले मधल्या सुट्टीत फलकापुढे गर्दी करू लागली.

ती नववीत असताना, श्रावणातली गोष्ट. मुलींच्या वसतिगृहात पंधरा दिवसांत आठ मुली जुलाब-उलट्यांनी आजारी पडल्या. डॉक्टर आले, औषधे झाली, मुली बऱ्या झाल्या. त्यानंतर ही मुलगी एक फुलस्केप कागद घेऊन माझ्यापुढे उभी राहिली. बातमीचे शीर्षक होते, 'टाकीवर कोण चढले?' वसतिगृहाची पाण्याची टाकी दरमहा धुतली जाते, अशी नोंद वहीत होती. परंतु टाकीची लोखंडी शिडी आषाढातच तुटली होती. शिडीवाचून टाकीवर चढता येत नाही, मग टाकी धुतली कोणी? तिने सेवकमामांना विचारले होते. शिडी दुरुस्त करून मिळावी, असा अर्ज आपण दोनदा दिल्याचे त्यांनी सांगितले होते. स्वयंपाकघरातील मावशींना विचारले होते. आजारी मुलींची नावे न लिहिता संख्या आणि तारखा तेवढ्या दिल्या होत्या. कोणावर आरोप केला नव्हता. आजाराचे कारण पाणीच आहे असाही निष्कर्ष काढला नव्हता, पाण्याची तपासणी व्हावी एवढीच विनंती केली होती. चौदा वर्षांच्या मुलीचे ते लेखन मी दोनदा वाचले. त्यात चूक अशी एकच सापडली, एका वेलांटीची.

आणि तरीही मी ती बातमी थांबवली.

माझी कारणे खोटी नव्हती. दसरा दीड-दोन महिन्यांवर आला होता. पालक कारखान्यावर निघण्याच्या तयारीत होते. वसतिगृहाच्या पाण्याने मुली आजारी पडतात असे गावोगाव झाले असते, तर काही आईबापांनी मुलींना परत नेले असते आणि परत नेलेल्या मुलींपैकी किती पुन्हा आल्या असत्या, याचा हिशेब मी इतक्या वर्षांच्या अनुभवावरून करू शकत होते. हे एक कारण. दुसरे कारण सांगताना मात्र आजही जीभ अडखळते. त्याच महिन्यात संस्थेचे देणगीदार शाळा पाहायला येणार होते. मी तिला म्हणाले, "बाळ, भगवान बुद्धांनी सांगितलंय, जे सत्य आहे, हिताचं आहे, तेही योग्य वेळ पाहून बोलावं. आता ती वेळ नाही."

मज्झिमनिकायातील अभयराजकुमार सुत्तात हा उपदेश आहे. मी तो चुकीचा सांगितला नव्हता. मी तो माझ्या सोयीने सांगितला होता. तिने शांतपणे विचारले, "मॅडम, ती वेळ कोण ठरवतं?" मी उत्तर दिले नाही. त्या अंकात पावसावरची एक कविता लागली. तिने कागदाची घडी घातली आणि शब्दकोशात ठेवून दिली. टाकी धुण्याची तोंडी सूचना मी अधीक्षिकांना दिली होती, पण शिडीचे पुढे काय झाले याची चौकशी मात्र केली नाही.

जानेवारीच्या आरंभी पुण्यात शालेय आणि महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची एक पत्रकारिता परिषद भरणार होती. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले, म्हणून आपल्याकडे ६ जानेवारीला पत्रकार दिन पाळतात. त्यानिमित्त ही परिषद होती. हस्तलिखिते आणि भित्तिपत्रिका चालवणाऱ्या शाळांनाही निमंत्रण होते. मुख्याध्यापकांनी तिची निवड केली आणि सोबत मला पाठवले. रात्रीच्या एसटीने आम्ही निघालो. वाटेत उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या आमच्या गाडीपुढे संथ चालत होत्या. तिचे आईवडील तेव्हा सांगलीकडच्या एका फडात होते. खिडकीशी बसून ती ट्रॉल्या मोजत होती. मी विचारले, तेव्हा म्हणाली, "सवय आहे, मॅडम."

परिषदेच्या पहिल्या दिवशी मराठी वृत्तपत्रांच्या इतिहासावर व्याख्यान झाले. 'दर्पण', 'प्रभाकर', 'केसरी' असा क्रम लागत गेला. 'दीनबंधू'चा आणि 'मूकनायका'चा उल्लेख एकेका वाक्यात आला. मी इतिहासाची विद्यार्थिनी. औरंगाबादच्या विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळाले, त्या १९९४ साली मी एम. ए. झाले. अशा एकेका वाक्यात काय काय बुजून जाते, हे मला ठाऊक होते. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला, तेव्हा बाबासाहेब सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. सरकारी नोकरीमुळे संपादक म्हणून त्यांचे नाव नव्हते, पांडुरंग नंदराम भटकरांचे होते. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांचे साहाय्य केले होते. आणि पैसे देऊ करूनही 'केसरी'ने 'मूकनायक'ची जाहिरात छापली नाही. दरवर्षी ३१ जानेवारीला परिपाठात मी हे सांगते आणि शेवटच्या वाक्याला माझा आवाज चढतो.

दुपारच्या सत्रात एका वक्त्याने काही आकडे मांडले. १९९६ साली दिल्लीत एका अमेरिकन वार्ताहराला एका दलित पत्रकाराचे मत हवे होते. त्याने ज्येष्ठ पत्रकार बी. एन. उनियाल यांना विचारले, उनियालांनी शोध घेतला, पण अधिस्वीकृत पत्रकारांच्या यादीतून त्यांना असा एकही सापडला नाही. त्यावर त्यांनी लेख लिहिला. २००६ साली दिल्लीतील ३७ माध्यमसंस्थांमध्ये निर्णय घेणाऱ्या ३१५ जणांची पाहणी झाली, त्यांत दलित वा आदिवासी एकही नव्हता. २०१९ च्या एका अभ्यासात १२१ प्रमुख संपादकीय पदांपैकी १०६ पदांवर तथाकथित उच्च जातींतील व्यक्ती आढळल्या आणि अनुसूचित जाती-जमातींची एकही नाही. मग त्यांनी 'खबर लहरिया'ची हकीकत सांगितली. उत्तर प्रदेशातील चित्रकूट भागात २००२ साली ग्रामीण स्त्रियांनी, त्यांत बहुसंख्य दलित, सुरू केलेले बुंदेली भाषेतील हे पत्र. या स्त्रिया स्वतः बातम्या आणीत, स्वतः लिहीत आणि गावोगाव फिरून अंकही स्वतःच विकत. त्यांच्यावरील माहितीपटाला २०२२ साली ऑस्करचे नामांकन मिळाले. माझ्या शेजारी बसलेल्या मुलीची लेखणी क्षणभर थांबली नाही. सगळे आकडे तिने उतरवून घेतले आणि शेवटच्या नोंदीखाली दोन रेघा ओढल्या.

त्या रात्री मुक्कामाच्या खोलीत मी तिला मुक्ता साळवेची गोष्ट सांगितली. याच पुण्यात, क्रांतिबा जोतीराव फुले आणि सावित्रीमाई यांच्या शाळेत शिकणारी ती मातंग समाजातील मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने निबंध लिहिला आणि १८५५ साली 'ज्ञानोदय' या पत्राने तो दोन भागांत छापला. धर्माच्या नावाने आपल्या लोकांवर काय लादले गेले, हे त्या मुलीने निर्भयपणे विचारले होते. गोष्ट संपली. मला वाटले, ती भारावून जाईल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "तिला तिच्या शिक्षकांनी थांबवलं नाही?"

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. तो एक साधा प्रश्न होता, माहिती विचारावी तसा. "नाही," मी म्हणाले. "त्यांनीच तर तिला लिहायला शिकवलं होतं." दिवा मालवला. ती लगेच झोपली. मला पहाटेपर्यंत झोप लागली नाही. दुसऱ्याने जाहिरात नाकारली म्हणून ज्या बाईचा आवाज दरवर्षी चढतो, तिने स्वतः काय नाकारले होते?

दुसऱ्या दिवशी बातमीलेखनाची कार्यशाळा होती. जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून वार्तांकन केलेल्या एक ज्येष्ठ महिला पत्रकार ती घेत होत्या. त्यांनी सुरुवातीलाच सांगितले, "वाचलेली बातमी नको. स्वतः शोधलेली एक बातमी प्रत्येकाने दोन मिनिटांत सांगायची." शहरातील मुले सफाईने बोलली. कोणी वाहतुकीविषयी, कोणी कचऱ्याविषयी, कोणी मैदानावर झालेल्या बांधकामाविषयी. तिची पाळी आली. उभी राहिल्यावर पहिली काही क्षणे तिला शब्दच फुटेना. मग तिने शब्दकोशातून तो घडीचा कागद काढला, पण उघडला नाही. टाकी, शिडी, वही, तारखा, आठ मुली, सारे तोंडपाठ होते.

सभागृह शांत झाले. पत्रकारताईंनी विचारले, "छापून आली ही बातमी?"

"नाही."

"का?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. म्हणाली, "संपादकानं थांबवली. संपादक मीच होते. मला वाटलं, मुलींना घरी नेतील."

माझे कारण तिने आपले म्हणून सांगितले होते. दूर फडात ऊस तोडणाऱ्या आईबापांची ही लेक आपल्या शिक्षिकेची लाज राखीत होती, आणि ती राखण्यासाठी खोटे बोलत होती. रोज सकाळी वंदनेच्या वेळी आम्ही सर्व जण पंचशील ग्रहण करतो. त्यातील चौथे शील असत्य भाषणापासून दूर राहण्याचे आहे. माझ्यामुळे त्या लेकराला ते मोडावे लागत होते. माझे पाय थरथरत होते, तरीही मी उभी राहिले आणि म्हणाले, "ती खरं सांगत नाहीये. बातमी तिनं लिहून दिली होती. मी, तिच्या शिक्षिकेनं ती थांबवली. तिच्या मनात भीती नव्हती, माझ्या मनात होती."

कोणीतरी टाळ्या वाजवू लागले. पत्रकारताईंनी हात वर करून त्यांना थांबवले. त्यांनी माझे कौतुक केले नाही, दोषही दिला नाही. त्यांनी मुलीला विचारले, "शिडी दुरुस्त झाली?"

"नाही. परवापर्यंत तशीच होती. बांबूची शिडी लावून एकदा टाकी धुतली, ऑक्टोबरमध्ये."

"मग बातमी शिळी झालेली नाही. जा आणि पूर्ण कर. आणि एक राहिलंय. अधीक्षिकांना विचारलंस?"

तिने मान हलवली. नव्हते विचारले. "ज्यांच्याविषयी लिहितो, त्यांचं म्हणणं घेतल्याशिवाय बातमी पूर्ण होत नाही," एवढे सांगून त्या पुढच्या मुलाकडे वळल्या. मी नुसती वेलांटी पाहिली होती. ही खरी उणीव इतक्या महिन्यांत मला दिसली नव्हती, कारण मी ती बातमी शिक्षिका म्हणून वाचलीच नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत एक महाविद्यालयीन विद्यार्थी कॅमेरा घेऊन आला. चांगल्या हेतूनेच आला होता. ऊसतोड कामगारांची मुलगी पत्रकारिता परिषदेत, अशी छोटी चित्रफीत त्याला करायची होती. घरची परिस्थिती, आईचे कष्ट, फडातले बालपण, असे प्रश्न त्याने काढून ठेवले होते. हिने ते वाचले आणि कागद परत देत म्हणाली, "दादा, आईवडील ऊस तोडतात हे खरंय. त्याची मला लाज नाही. पण मी इथं बातमी घेऊन आलेय. तुम्ही मलाच बातमी करताय." तो मुलगा ओशाळला, मग हसला आणि तिच्या शेजारी ताट घेऊन बसला. तिने त्याला उचल म्हणजे काय, हिशेब कसा लागतो, हे सविस्तर समजावून सांगितले. तो लिहून घेत होता. कालच्या वक्त्यांनी आकड्यांनी जे सांगितले होते, ते मला त्या जेवणाच्या पंगतीत उमगले. आपली माणसे वृत्तपत्रांत येत नाहीत असे नाही. अत्याचार झाला की येतात, अपघात झाला की येतात, पहिला क्रमांक आला की हलाखीच्या वर्णनासह येतात. त्यांच्याविषयी लिहिले जाते. लिहिणाऱ्याच्या जागी मात्र ती क्वचितच असतात.

परत आल्यावर ती अधीक्षिकांकडे गेली. त्या प्रथम रागावल्या, मग त्यांनी आपली बाजू सांगितली. दुरुस्तीला मंजुरी मिळाली होती, पण एवढ्याशा कामासाठी तालुक्याहून वेल्डर यायला तयार नव्हता. वहीतल्या सह्या मात्र सवयीने झाल्या होत्या, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. तेही बातमीत आले. ३१ जानेवारीला, 'मूकनायक'च्या वर्धापनदिनी, भित्तिपत्रिकेचा अंक लागला. परिपाठात त्या दिवशी मी नेहमीचे भाषण केले नाही. ती बातमी मी का थांबवली होती, एवढेच सांगितले.

पुढचे सगळे गोड झाले असे नाही. दोन पालकांचे संतापाचे फोन आले. कार्यालयात मला बोलावणे आले आणि शाळेच्या प्रतिष्ठेविषयी चार शब्द ऐकावे लागले. ते मी ऐकून घेतले, कारण सहा महिन्यांपूर्वी तेच शब्द मी त्या मुलीला ऐकवले होते. मात्र कोणीही मुलीला वसतिगृहातून नेले नाही. ज्या पालकांची मला धास्ती होती, त्यांच्यातल्याच एकीच्या मामांनी आठवड्याभरात आपले वेल्डिंगचे यंत्र टेम्पोत घालून आणले आणि शिडी जोडून दिली. मजुरी घेतली नाही. चहा घेताना म्हणाले, "आधी कळवलं असतं, तर आधीच आलो असतो." पुढे संस्थेने पाण्याच्या तपासणीची व्यवस्था केली. टाकीखाली एक फलक आहे, त्यावर धुतल्याची तारीख आणि दोन विद्यार्थिनींची सही असते. शाळा पाहायला येणाऱ्या पाहुण्यांना तो आता आम्ही आवर्जून दाखवतो.

ती आज बारावीत आहे. पदवीनंतर पत्रकारितेचे शिक्षण घेण्याचा तिचा विचार आहे. आईवडील अजूनही दसऱ्यानंतर टोळीबरोबर जातात. हिशेबाची डायरी आता आईकडे असते. लेकीने तिला आकडे लिहायला शिकवले आहेत.

हा लेख छापायला देण्यापूर्वी मी तिला वाचायला पाठवला. ज्यांच्याविषयी लिहितो त्यांचे म्हणणे घ्यावे, हा पाठ माझ्याही वाट्याला आलाच आहे. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "मॅडम, सगळं ठीक आहे. एकच दुरुस्ती करा. आजारी मुली नऊ नव्हत्या, आठ होत्या. नववी तेव्हा गावी गेली होती, मी वहीत पाहिलं." मी आठ केले आहेत.